सरहद्दीवरील मातृस्मारके

बेगमपुऱ्याच्या बाजूस, खाम नदीपासून फार दूर नसलेल्या एका प्रशस्त बागेत ‘बीबी का मकबरा’ उभा आहे. मराठवाड्यात प्रवासास आलेला मनुष्य वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहावयास निघतो आणि जाता-येता सापडलेला तासाभराचा अवधी या वास्तूस देतो. महाद्वारातून आत शिरताच त्याच्या मुखातून पहिला उद्गार निघतो तो आग्ऱ्याच्या ताजमहालाचा. घुमट तसाच, चार कोपऱ्यांवरचे चार मिनार तसेच, मधला पाण्याचा पाट तसाच. मात्र सर्व काही आटोपशीर आणि काहीसे उंचट. मग तुलना सुरू होते. संगमरवर कोठवर आहे, चुन्याचा गिलावा कोठून लागला, खर्च किती आला, याची चर्चा होते आणि ‘गरिबाचा ताज’ असा शेरा मारून पाहुणा बाहेर पडतो. ज्या स्त्रीसाठी ही वास्तू उभारली गेली ती कोण होती, दिल्ली-आग्ऱ्यापासून शेकडो कोसांवर येथे तिला मरण का आले, आणि तिच्या मृत्यूच्या वेळी पाळण्यात असलेल्या महिन्याच्या अर्भकाचे पुढे काय झाले, हे विचारणारा क्वचितच भेटतो. वस्तुतः सतराव्या शतकातील दक्षिणेचा इतिहास या तीन प्रश्नांभोवतीच फिरलेला आहे.

मोगल बादशाहीच्या दृष्टीने दख्खन ही सरहद्द होती. तापी ओलांडली की बादशाही मुलूख संपला आणि मोहिमेचा मुलूख लागला, अशी उत्तरेकडील सरदारांची समजूत असे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी आपले शहर वसविले, त्याच्या पुत्राने त्यास फत्तेनगर म्हटले, आणि शहाजादा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला तेव्हा १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद झाले. नाव कोणतेही असो, शहराचे काम एकच होते: सरहद्दीवरच्या फौजेचे ठाणे. आता फौज म्हटली की डोळ्यांसमोर घोडदळ आणि तोफखाना उभा राहतो. परंतु मोगलांच्या छावणीबरोबर जनानखाना असे, दाया असत, तान्ही मुले असत, खोजे आणि हकीम असत. पुरुष राज्य वाढविण्यास निघत. स्त्रिया आणि मुले त्यांच्यामागून मेण्यांतून आणि हत्तींच्या अंबाऱ्यांतून, ऊन-पावसाची पर्वा न करता नेली जात. दुसऱ्या बाजूस, दिल्लीकर ज्या प्रदेशास सरहद्द म्हणत तो कुणाचा तरी गाव होता, कुणाचे तरी शेत होते. तेथेही स्त्रिया आणि मुले होतीच. सरहद्दीची ही दुसरी बाजू ध्यानात ठेवूनच पुढील हकीकत ऐकावयास हवी.

मकबऱ्यात चिरनिद्रा घेत असलेल्या स्त्रीचे नाव दिलरसबानू बेगम. इराणच्या सफवी राजघराण्यातील शाहनवाजखान या सरदाराची ती कन्या. १६३७ च्या मे महिन्यात आग्रा येथे तिचा औरंगजेबाशी विवाह झाला. ती त्याची पहिली आणि मुख्य पत्नी. तिला पाच अपत्ये झाली. थोरली कन्या झेबुन्निसा १६३८ मध्ये दौलताबाद येथे जन्मली. दुसरी झिनतुन्निसा १६४३ मधली. तिसरी झुब्दतुन्निसा १६५१ मध्ये मुलतानात, म्हणजे साम्राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकास, जन्मली. आझम १६५३ मध्ये बुऱ्हाणपुरास झाला, आणि धाकटा अकबर ११ सप्टेंबर १६५७ रोजी औरंगाबादेस. हा अनुक्रम म्हणजे एका सुभेदाराच्या बदल्यांचा नकाशाच होय. नवरा जेथे जेथे लढाईस गेला तेथे तेथे बायकोची बाळंतपणे झाली. वीस वर्षांच्या संसारात एका ठिकाणी स्थिर घर असे तिला फारसे लाभले नाही.

अकबराच्या जन्माचे १६५७ हे साल दख्खनमध्ये विलक्षण धामधुमीचे होते. औरंगजेबाने त्या वर्षी विजापूरकरांचा बिदरचा किल्ला घेतला, पाठोपाठ कल्याणीही घेतली. शिवाजी महाराजांनी त्याच उन्हाळ्यात जुन्नरची मोगली पेठ लुटली. पावसाळा सरत आला तोच ६ सप्टेंबरला दिल्लीत शहाजहान बादशहा आजारी पडला आणि तख्तासाठी चारही पुत्रांत झुंज होणार हे स्पष्ट झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी दिलरसबानू प्रसूत झाली. ती त्या दुखण्यातून उठली नाही. ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, बाळ जेमतेम चार आठवड्यांचे असता, तिचा अंत झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. सासरा आणि जावई यांचेही पटले नाही. शाहनवाजखानाने दाराचा पक्ष धरला आणि मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत जावयाच्या फौजेशी लढताना तो पडला. मुलगी जिवंत असती तर तिला बापाचे सुतक धरावे की नवऱ्याच्या विजयाची नौबत ऐकावी, हा प्रश्न पडला असता.

अशा गर्दीत हा मकबरा उभा राहिला. लोकपरंपरा सांगते की पुत्र आझमशहाने आईसाठी तो बांधला. परंतु आई वारली तेव्हा आझम चार वर्षांचा होता आणि १६६०-६१ च्या सुमारास काम पुरे झाले तेव्हा तो आठही वर्षांचा पुरता नव्हता. तेव्हा हुकूम आणि पैसा औरंगजेबाचाच असला पाहिजे, असे आजचे अभ्यासक मानतात. आझमने पुढे वास्तूची निगा राखली म्हणून त्याचे नाव तिला चिकटले असावे. महाद्वाराच्या पितळी पत्र्यावर अताउल्ला हा वास्तुविशारद आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावे कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाचा शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र. म्हणजे सासूचे स्मारक बापाने आणि सुनेचे स्मारक मुलाने, असा हा योग आहे. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहीर सुरतेहून गोवळकोंड्यास जात असता त्याला औरंगाबादनजीक संगमरवर वाहणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या भेटल्या. त्यांतील लहानांत लहान गाडीस बारा बैल जुंपलेले होते. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’त एकूण खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा आण्यांपर्यंत नोंदला आहे. संगमरवर पायथ्यालगतच्या पट्ट्यास आणि घुमटास पुरला; मधला भाग येथल्याच काळ्या दगडाचा असून त्यावर शुभ्र, गुळगुळीत गिलावा केलेला आहे. कबर मात्र वर नाही. वरच्या सज्जातून खाली डोकावले की संगमरवरी अष्टकोनी जाळीच्या आत ती दिसते. मरणोत्तर तिला ‘राबिया-उद्-दौरानी’ म्हणजे ‘या युगाची राबिया’, बसऱ्याच्या त्या संत स्त्रीच्या नावाची, पदवी मिळाली. पदवी राहिली, ‘बीबी’ हे संबोधन राहिले. दिलरस हे तिचे स्वतःचे नाव मात्र शहरातही थोड्यांनाच ठाऊक असते.

सरहद्दीवर बाळंतपणात दगावलेली ती पहिली राजस्त्री नव्हे. तिच्या मृत्यूच्या सव्वीस वर्षे आधी, १७ जून १६३१ रोजी, तिची सासू मुमताजमहल बुऱ्हाणपूर येथे चौदाव्या अपत्यास जन्म देताना वारली. शहाजहान त्या वेळी खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्यावरील मोहिमेसाठी दक्षिणेत तळ देऊन होता. तापीच्या पलीकडे झैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि वर्षअखेरीस तिचा देह आग्ऱ्यास नेला. ताजमहाल आग्ऱ्यास आहे म्हणून तिचे मरणही तेथलेच असावे असे अनेकांस वाटते. वस्तुतः ते दख्खनच्या स्वारीतले मरण आहे. पुढे तीनच वर्षांनी, १६३४ मध्ये, शहाजादा शुजाची पत्नी बिल्किसबानू त्याच बुऱ्हाणपुरात मुलीला जन्म देऊन गेली. खरबुजाच्या आकाराची तिची लहानशी, आतून रंगीत नक्षीने मढविलेली कबर आजही तेथे पाहावयास मिळते. सव्वीस वर्षांत एकाच राजघराण्यातील तीन स्त्रिया, तिघीही बाळंतपणात, तिघीही सुभेदारीच्या गावी! त्या काळातील उत्तम हकीम त्यांच्या उशाशी होते आणि खजिना उघडा होता. बाळंतिणीच्या खोलीत मात्र बादशाही हुकूम चालला नाही.

आता सरहद्दीच्या दुसऱ्या बाजूस वळावयाचे. मुमताजमहल ज्या वर्षी वारली ते वर्ष गुजरात आणि दख्खनमधल्या भयंकर दुष्काळाचे होते. १६३० ते १६३२ या काळात पावसाने दगा दिला आणि जे काही पिकले ते फौजांच्या येण्याजाण्यात तुडविले गेले. शहाजहानने बुऱ्हाणपुरास अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम केला, असे त्याचा दरबारी इतिहासकार लिहितो. पण वाट चुकलेल्या खेड्यापर्यंत ते अन्नछत्र कसे पोचावे? पुणे परगण्यातील देहू गावी एका वाण्याच्या घरात त्याच दुष्काळाने एका सुनेचा आणि तिच्या लहानग्याचा बळी घेतला. ती तुकाराम महाराजांची पहिली पत्नी रखमाबाई आणि तो त्यांचा पुत्र संतोबा. एका स्त्रीसाठी वीस-बावीस वर्षे मजूर राबले. दुसरीसाठी एक चिराही बसला नाही. देहूच्या त्या गृहस्थाने पुढे जे अभंग रचले त्यांत त्या दुष्काळाची आणि त्या मृत्यूंची आठवण आहे म्हणून तरी तिचे नाव उरले. ज्या हजारो घरांत तुकोबा नव्हते, तेथील सुनांची आणि मुलांची नावेही गेली.

मराठी मुलखात स्त्रीचे स्मारक मुळीच होत नसे, असे नाही. गावाच्या वेशीजवळ, जुन्या देवळाच्या आवारात वीरगळांच्या शेजारी सतीशिळा उभ्या असतात. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला एक हात आणि वर चंद्र-सूर्य एवढीच त्यांची खूण. परंतु तो दगड स्त्रीला मिळाला तो नवरा मेल्यावर तिने चिता स्वीकारली म्हणून. तिच्या स्वतःच्या जगण्याचा किंवा मरणाचा तो मान नव्हे. उलट जी बाळंतपणात गेली तिची गावात समाधी होणे दूरच, ती हडळ होऊन वाटेवर बसते अशी समजूत रूढ झाली आणि लोक तिच्या नावाने मुलांस भेववू लागले. बेगमपुऱ्यात बाळंतिणीवर घुमट चढत होता त्याच शतकात आजूबाजूच्या खेड्यांत बाळंतिणीच्या वाटेवर मोहऱ्या टाकण्यात येत होत्या. दोन्ही मरणे सारखीच. मागे राहणाऱ्याची ऐपत आणि मागे राहणाऱ्याची समजूत, यांनी एकीची बीबी केली आणि दुसरीची हडळ.

दिलरसबानूच्या मुलाच्या जन्मापूर्वी चारच महिने, १४ मे १६५७ रोजी, पुरंदर किल्ल्यावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या मातोश्री सईबाई यांची प्रकृती पुढे ढासळत गेली. बाळाला अंगावरचे दूध पुरेना म्हणून कापूरहोळची धाराऊ ही दूधआई ठेवावी लागली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राजगडी वारल्या. पुत्र सव्वादोन वर्षांचा. राजगडावर त्यांची म्हणून एक साधी समाधी दाखविली जाते. महाराज त्या वेळी अफझलखानाच्या स्वारीशी सामना देण्याच्या तयारीत गुंतलेले होते. म्हणजे दोन परस्परविरोधी सत्तांच्या घरी, एकाच वर्षी, दोन राजपुत्र जन्मले. दोघांच्याही माता युद्धाच्या घाईत गेल्या. आणि दोघेही दुसऱ्या स्त्रियांच्या मांडीवर वाढले. संभाजी महाराजांस आजी जिजाबाईंनी वाढविले. अकबराला थोरली बहीण झेबुन्निसा आईच्या ठायी झाली.

तो अकबर मोठा झाला आणि जानेवारी १६८१ मध्ये राजपुतान्यात त्याने बापाविरुद्ध बंड करून स्वतःस बादशहा म्हणविले. बंड फसले. भावाशी पत्रव्यवहार केल्याचे उघडकीस येताच झेबुन्निसेस दिल्लीच्या सलीमगडात कैदेत टाकण्यात आले आणि १७०२ मध्ये मरण येईपर्यंत ती तेथेच राहिली. अकबर दुर्गादास राठोडाच्या सोबतीने जीव घेऊन दक्षिणेस धावला. त्याला थारा दिला तो मराठ्यांच्या छत्रपतींनी. सुधागडाच्या पायथ्याशी, पालीच्या मुलखात त्याची राहण्याची सोय करण्यात आली, आणि नोव्हेंबर १६८१ मध्ये तेथेच संभाजी महाराज आणि अकबर यांची भेट झाली. दोघेही चोवीस वर्षांचे होते. बैठकीत राजकारणाची कोणती बोलणी झाली याचा ऊहापोह इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. दोघांनाही आईचा चेहरा आठवत नव्हता, ही गोष्ट कागदपत्रांत येण्यासारखी नाही आणि आलेलीही नाही. तरी ती खरीच होती.

याच पळालेल्या मुलाचा पाठलाग हे औरंगजेबाच्या दक्षिणेत उतरण्याचे एक प्रमुख निमित्त झाले. १६८१ च्या अखेरीस तो बुऱ्हाणपुरास आला आणि मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेस पोचला. शहरात एकीकडे चोवीस वर्षांपूर्वी वारलेल्या पत्नीची कबर, आणि पश्चिमेस सह्याद्रीपलीकडे तिच्याच पोटचा मुलगा शत्रूच्या आश्रयास. बादशहा पुन्हा उत्तरेस परतला नाही. १६८९ मध्ये त्याने संभाजी महाराजांस क्रूरपणे ठार केले. त्याच्या दोन वर्षे आधी, १६८७ मध्ये, अकबर गलबतात बसून इराणकडे निघून गेला होता आणि पित्याच्या आधीच परदेशी मरण पावला. दुर्गादासापाशी मारवाडात राहिलेली अकबराची मुलगी सफियतुन्निसा पुढे आजोबांकडे आली तेव्हा तिला कुराण येत असल्याचे पाहून औरंगजेब चकित झाला. दुर्गादासाने त्या मुलीसाठी अजमेरहून एक मुसलमान शिक्षिका मुद्दाम आणून ठेविली होती. ज्या राठोडांशी बादशहाचे हाडवैर, त्यांच्या घरी त्याची नात तिच्या धर्माच्या शिक्षणासह सुरक्षित वाढली! सरहद्दीच्या इतिहासात अशी माणुसकीची पाने थोडी असतात. म्हणून ती विशेष जपून ठेवावीत.

असेच एक पान मराठ्यांच्या बाजूचे आहे. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि महाराणी येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या. दिलरसबानूची दुसरी कन्या झिनतुन्निसा त्या वेळी बापाच्या छावणीत होती. तिने या मायलेकरांवर मायेची पाखर घातली, हे मराठी परंपरेने कृतज्ञतेने जपले आहे. पुढे सतरा वर्षे शाहू महाराज बादशहाच्या तळाबरोबर फिरले. तंबूत वाढलेले हे मूलही सरहद्दीचेच अपत्य. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला आणि मे महिन्यात शाहू महाराजांची सुटका झाली. ती करणारा आझमशहा हाही दिलरसबानूचाच मुलगा. आई मरताना जो चार वर्षांचा होता, त्याने आईपासून दूर नेले जाणार असलेल्या एका तरुणास सोडून दिले. आई येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागेच राहिल्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर त्या दिल्लीहून परत आल्या तेव्हा कैदेस तीस वर्षे होत आली होती. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्यांची समाधी आहे. ती दीर्घकाळ विस्मरणात पडली होती आणि अलीकडेच अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे तिचा पत्ता लावला. तीस वर्षांची कैद राज्यासाठी सोसणाऱ्या राणीची समाधी शोधून काढावी लागावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

मोगलांची सरहद्द मिटली आणि तिच्या जागी इंग्रजांची आली. दिलरसबानूच्या दोन्ही मोठ्या मुलींच्या दिल्लीतील कबरी इंग्रजी अमलात आपल्या मूळ जागी राहिल्या नाहीत: झेबुन्निसेची लोहमार्गाच्या कामात हलली आणि झिनतुन्निसेची १८५७ नंतरच्या उलथापालथीत गेली. आई दख्खनमध्ये राहिली म्हणून तिची कबर वाचली, असेच म्हणावे लागेल. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतील घोडदळानेही उठाव केला आणि तो मोडून काढल्यावर काळ्या चबुतऱ्यावर शिपायांना देहान्त शिक्षा देण्यात आल्या. ती जागा आज क्रांती चौक म्हणून ओळखली जाते. त्याच उन्हाळ्यात कानपुरास जे घडले त्याच्याशी एका मराठी घराण्याचे नाव कायमचे जोडले गेले.

नानासाहेब पेशव्यांच्या ताब्यातील बिबीघर नावाच्या बंगल्यात १५ जुलै १८५७ रोजी सुमारे दोनशे इंग्रज स्त्रिया आणि मुले कापून काढण्यात आली आणि प्रेते जवळच्या विहिरीत लोटण्यात आली. ते कृत्य निंद्यच होते. कोणत्याही कारणाने त्याचे समर्थन होऊ शकत नाही. इंग्रजांनी त्या विहिरीवर मारोचेत्ती या शिल्पकाराने घडविलेला संगमरवरी देवदूत बसविला, भोवती दगडी जाळी उभारली आणि नानासाहेबांच्या अनुयायांस दोष देणारा लेख कोरला. भोवतालच्या बागेत परवान्याखेरीज हिंदी माणसास प्रवेश नसे. मृत लेकरांचे स्मारक अशा रीतीने जेत्याचा पहारा झाले. जनरल नीलच्या सूडात किती निरपराधांची घरे बुडाली, याचा त्यावर उल्लेख नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो देवदूत आणि ती जाळी तेथील ख्रिस्तमंदिराच्या आवारात नेण्यात आली आणि त्या बागेस नानारावांचे नाव देण्यात येऊन तेथे तात्या टोप्यांचा पुतळा उभा राहिला. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा शहरात जी कत्तल झाली तिच्यात सापडलेल्या रहिवाशांसाठी देवदूत कोणी घडविला? त्यांचे स्मारक म्हणजे पेण तालुक्यातील वरसई गावच्या विष्णुभट गोडसे या भिक्षुकाचा ‘माझा प्रवास’. झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या या ब्राह्मणाने म्हातारपणी डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेविले आणि ते १९०७ मध्ये छापून निघाले. दगड जेथे उभा राहिला नाही तेथे कागदाने ते काम केले.

हा दोष केवळ हिंदुस्थानातला नव्हे. दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन येथे १९१३ मध्ये एक उंच स्तंभ उभारण्यात आला. बोअर युद्धात इंग्रजांनी काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेल्या सुमारे सव्वीस हजार बोअर स्त्रिया आणि मुले उपासमारीने आणि रोगांनी मेली, त्यांच्यासाठी. पायथ्याशी मांडीवर मेलेले मूल घेऊन बसलेली स्त्री आहे. ती मूर्ती पाहून कोणाचेही अंतःकरण हेलावेल. परंतु त्याच युद्धात काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांत हजारो स्त्रिया आणि मुले तशीच मेली. त्यांचा त्या स्तंभाने विचार केला नाही. अमेरिकेत १९२८-२९ मध्ये पश्चिमेकडील वाटेवर बारा राज्यांत बारा एकसारखे पुतळे बसले: कडेवर मूल, पदराशी मूल आणि हातात बंदूक घेतलेली वसाहतकरी आई. ज्या रेड इंडियन आयांच्या भूमीवरून ती वाट गेली, त्यांच्यासाठी त्या बारांपैकी एकही नाही. सरहद्दीवरच्या स्मारकांचा हा स्वभावच दिसतो: ती दुःख खरे सांगतात, पण अर्धेच सांगतात.

म्हणून ही स्मारके पाडावीत किंवा त्यांच्याकडे पाठ फिरवावी, असे मात्र होत नाही. अर्धे सांगितलेले दुःख पुरे करून घेणे हे पाहणाऱ्याचे काम आहे. मकबऱ्याच्या सज्जातून खाली डोकावताना ताजमहाल आठवण्यापेक्षा देहूची रखमाबाई आठवावी, राजगडावरची समाधी आठवावी, संगम माहुलीचा घाट आठवावा. मग ती वास्तू कोणा बादशहाच्या ऐश्वर्याची राहत नाही. सत्तेच्या मोहिमांची किंमत ज्यांनी बाळंतिणीच्या खाटेवर, कैदेत आणि दुष्काळात मोजली, त्या सर्वांची ती होते.

औरंगजेबाने दिलेले नाव या शहराने साडेतीन शतकांहून अधिक काळ वागविले. २०२३ मध्ये ते बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलताना या योगायोगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल; पण आता दिलरसबानूची कबर ज्या शहरात आहे, त्या शहरास तिच्या पळून आलेल्या, निराधार मुलाला आश्रय देणाऱ्या पुरुषाचे नाव आहे. महिन्याच्या बाळाला मागे टाकून जाताना त्या मातेने त्याच्यासाठी काय मागितले असेल, हे कोणास सांगता येणार नाही. परंतु जगातील कोणतीही आई जे मागते तेच तिने मागितले असेल: संकटात याला कोणीतरी जवळ करो. ते मागणे ज्याने पुरविले तो तिच्या पतीचा शत्रू होता. बेगमपुऱ्यातल्या त्या शुभ्र घुमटाखाली उभे राहून एवढे जरी पाहणाऱ्यास आठवले, तरी संगमरवर कोठवर पुरला याची विचारपूस त्याला करावीशी वाटणार नाही.